वीस डुकाटांचा गुलाम, दख्खनचा वजीर: मलिक अंबर

मे १६२६ मध्ये मलिक अंबर यांचा इंतकाल झाला. म्हणजे मे २०२६ मध्ये त्या गोष्टीला चारशे वर्षे होतात. सातारा-सांगलीकडून खुलताबादला जियारतीला जाणारी माणसं हजरत जर जरी जर बक्ष आणि हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यांवर हजेरी लावतात, औरंगजेबाच्या साध्या कबरीपाशी फातेहा पढतात आणि गाडी परतीला लावतात. त्याच गावात एका दगडी घुमटाखाली मलिक अंबर यांची कबर आहे. तिकडे पाय वळवणारे फार थोडे.

शाळेच्या पुस्तकात त्यांची ओळख दोन ओळींत संपते. निजामशाहीचा कर्तबगार वजीर, गनिमी काव्यात तरबेज. बस्स. पण या माणसाची गोष्ट वजिरीपासून सुरू होत नाही. ती सुरू होते एका बाजारात, जिथे माणसाच्या पोराचा भाव ठरायचा. त्या बाजाराचा विचार न करता अंबर यांचं मोठेपण सांगणं म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणं.

हबशी मुलूख आणि मोख्याचा बाजार

साधारण १५४८ च्या सुमाराचा जन्म. गाव आफ्रिकेतल्या हबशी मुलुखात, म्हणजे आजच्या इथिओपियात, कंबाटा भागात. आईबापांनी ठेवलेलं नाव चापू. घरची माणसं मुसलमान नव्हती. त्या मुलुखात तेव्हा लढायांचा सुकाळ होता आणि अन्नाचा दुष्काळ. लढाईत पकडलेली माणसं विकली जायची आणि पोटासाठी आईबापही लेकरं विकायचे. चापू यांपैकी कोणत्याही वाटेने गेला असो, लहानपणीच तो तांबडा समुद्र ओलांडून येमेनच्या मोखा बंदरात पोहोचला. कॉफीच्या नावात आजही जे मोका येतं, ते याच बंदराचं नाव. तिथे त्याचा सौदा झाला तो वीस डुकाटांना. ही किंमत आपल्याला ठाऊक आहे, कारण पुढे पीटर व्हॅन डेन ब्रूके नावाच्या डच व्यापाऱ्याने १६१७ मध्ये अंबर यांची भेट घेतली आणि ती लिहून ठेवली.

जरा थांबून या नोंदीचा विचार करा. त्या पोराची आई कोण, भावंडं किती, शेवटचं वळून त्याने कुणाकडे पाहिलं, यातलं एक अक्षर कुठे लिहिलेलं नाही. लिहिलेला आहे तो फक्त भाव.

मोख्याहून तो बगदादला आला. तिथे मीर कासिम अल-बगदादी या व्यापाऱ्याने त्याला घेतलं. हा मालक त्यातल्या त्यात बरा निघाला. पोरगा हुशार आहे हे त्याने हेरलं, त्याला लिहायला-वाचायला, हिशेबाला शिकवलं. तिथेच तो इस्लाममध्ये आला आणि त्याला नवं नाव मिळालं, अंबर. अंबर म्हणजे समुद्रातून मिळणारं मोलाचं सुगंधी द्रव्य. त्या काळात गुलामांना अशीच नावं देत: याकूत म्हणजे माणिक, काफूर म्हणजे कापूर, संदल म्हणजे चंदन. नाव गोड असायचं, पण ते ठेवणारा मालक असायचा. आईबापांनी ठेवलेलं चापू हे नाव मागे पडलं.

चौल-दाभोळच्या वाटेने दख्खनमध्ये

आता प्रश्न असा, की हबशी मुलखातली माणसं इतक्या लांब दख्खनमध्ये का आणली जात होती? याचं उत्तर व्यापारात आणि राजकारणात आहे. दख्खनच्या सुलतानांच्या दरबारात दोन तट होते. एकीकडे इराण-तुराणकडून आलेले आफाकी, दुसरीकडे इथलेच दख्खनी. दोघांचा एकमेकांवर विश्वास नाही आणि सुलतानाचा दोघांवर नाही. मग ज्याला इथे ना भाऊबंद ना वतन, जो फक्त मालकाच्या भाकरीवर उभा आहे असा शिपाई प्रत्येक सरदाराला हवा होता. घरापासून तोडलेला हबशी गुलाम हा तसा शिपाई. भारतातलं सुती कापड आफ्रिकेच्या किनाऱ्याला जायचं आणि परतीच्या वाटेवर माणसं यायची. चौल हे निजामशाहीचं बंदर, दाभोळ आदिलशाहीचं. दाभोळचा माल घाट चढून आपल्या कराड-मिरजेच्या मुलखातूनच विजापूरकडे जायचा. या व्यापाराची वाट आपल्या दारावरून गेलेली आहे, हे विसरून चालणार नाही.

१५७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अंबर दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. हा चंगेजखान मंगोल नव्हे बरं का. हा स्वतः हबशी होता आणि एकेकाळी गुलामच होता. त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी गुलाम होते आणि अंबर त्यांतला एक. राज्य कसं चालतं, वसुली कशी होते, सरदार एकमेकांचे पाय कसे ओढतात, हे सगळं अंबर याच वाड्यात शिकला. १५७४-७५ च्या सुमारास चंगेजखानाचा विषप्रयोगाने अंत झाला. त्याच्या बेगमने अंबरला आझाद केलं. वय तेव्हा पंचविशीच्या घरात.

आझाद माणसाची भटकंती

इथून पुढची सुमारे वीस वर्षे अंबर यांनी आपल्या हिमतीवर काढली. लग्न केलं. त्यांच्या पत्नीचं नाव बीबी करीमा. एका दरबारातून दुसऱ्या दरबारात नोकरी करत ते विजापूरला आदिलशाहीत पोहोचले. तेव्हा मिरज, वाई, सातारा हा आपला सगळा मुलूख आदिलशाहीत होता. तिथे त्यांना लहानशी तुकडी मिळाली आणि मलिक हा किताब मिळाला. म्हणजे ज्या नावाने आपण त्यांना ओळखतो त्यातला अंबर हा शब्द बगदादच्या मालकाने दिलेला, आणि मलिक हा विजापूरने.

पण विजापुरात पुढची वाट दिसेना. तेव्हा १५९५ च्या आसपास ते निजामशाहीत परतले आणि अभंगखान या हबशी सरदाराकडे रुजू झाले. हाताखाली फक्त दीडशे घोडेस्वार होते. वेळही कठीण होती. अकबराच्या फौजा अहमदनगरच्या किल्ल्याला भिडल्या होत्या. चांदबीबीने तो वेढा हिमतीने परतवला, पण दरबारातली फूट काही मिटली नाही. १६०० मध्ये चांदबीबी आपल्याच माणसांच्या हातून मारली गेली, किल्ला मोगलांनी घेतला आणि बाल सुलतान बहादूर निजामशहा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला.

निजामशाही संपली असंच सगळ्यांना वाटलं. अंबर यांना तसं वाटलं नाही. त्यांनी निजामशाही घराण्यातला एक तरुण शोधून आणला, परांड्याच्या किल्ल्यात त्याला मुर्तजा निजामशहा म्हणून तख्तावर बसवलं आणि आपली मुलगी त्याला दिली. दीडशे स्वारांचे हजारो झाले. राजू दख्खनी नावाचा त्यांच्याच तोलाचा एक सरदार वाटेत आडवा होता, त्यालाही त्यांनी काही वर्षांत बाजूला केलं. आता अंबर हेच निजामशाहीचे कर्तेधर्ते होते. मोख्याच्या बाजारात विकला गेलेला पोरगा आता सुलतानाचा सासरा होता.

एक शब्द, जो सुटला नाही

पण गुलाम हा शब्द काही त्यांना सोडायला तयार नव्हता. त्या डच व्यापाऱ्याच्या नोंदीत एक हकीकत आहे. सुलतानाची एक बेगम इराणी वंशाची, गोऱ्या रंगाची होती. जनानखान्यातल्या भांडणात तिने अंबर यांच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवलं आणि अंबर यांच्याबद्दलही अपमानाचे शब्द काढले. मुलीने ते बापाला कळवलं. त्यानंतर १६१० मध्ये सुलतान आणि ती बेगम दोघांनाही विष देण्यात आलं आणि पाच वर्षांच्या मुलाला तख्तावर बसवण्यात आलं.

या कृत्याचं समर्थन करता येणार नाही. सुलतान आता वजिराचं ऐकेनासा झाला होता, म्हणजे राजकारणही त्यात होतंच. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आझाद होऊन पस्तीस वर्षे झाली होती, हाताशी फौज होती, खजिना होता, आणि तरी घरातल्या भांडणात पहिला शब्द निघाला तो गुलाम. कागदावर माणूस सुटतो. लोकांच्या तोंडातून सुटायला पिढ्या लागतात. जातीवरून, रंगावरून, धंद्यावरून हिणवलं जाणं ज्यांनी भोगलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

फलटण, सातारा आणि अंबरी कारभार

मोगलांची फौज मोठी, तोफा मोठ्या. समोरासमोर त्यांच्याशी भिडणं म्हणजे मरण, हे अंबर यांनी ओळखलं. त्यांनी हलक्या घोडदळावर भर दिला. रसद तोडायची, रात्री छापे घालायचे, शत्रूला डोंगरात ओढायचं आणि पाण्यावाचून टेकीला आणायचं. या कामाला मराठा स्वारांसारखा दुसरा माणूस नव्हता. विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने १६१० च्या सुमारास लिहिलं आहे, की अंबर यांच्याकडे स्वतःच्या जातीचे सुमारे दहा हजार आणि दख्खनी सुमारे चाळीस हजार सैनिक होते. या दख्खनी सैन्यात मराठे मोठ्या संख्येने होते.

भोसले घराणं याच निजामशाहीत वर आलं. मालोजीराजांची सासुरवाडी आपल्या फलटणच्या नाईक निंबाळकरांची. त्यांचे पुत्र शहाजीराजे तरुणपणी अंबर यांच्या फौजेत लढले. पुढे शहाजीराजांचे पुत्र शिवाजी महाराज, आणि महाराजांचे नातू शाहू महाराज ज्यांनी साताऱ्याला राजधानी केली. सातारच्या गादीची मुळं शोधत गेलं तर वाटेत हा हबशी वजीर भेटतोच.

लढाईपेक्षाही जास्त टिकलं ते त्यांचं महसुलाचं काम. आधी वसुलीचा इजारा दिला जायचा. म्हणजे जो जास्त बोली लावील त्याला गावं, आणि मग तो रयतेला पिळून काढणार. अंबर यांनी हा इजारा बंद केला. जमिनीची प्रतवारी करून पिकाच्या प्रमाणात सारा ठरवला. सुरुवातीला तो धान्यात घेतला जाई, पुढे काही हंगामांचा अंदाज घेऊन रोख रक्कम ठरवली. परंपरेने सांगतात ते असं, की धान्यात सुमारे दोन पंचमांश आणि रोखीत सुमारे एक तृतीयांश. जमीन कसणाऱ्याचा मिरासी हक्क मानला, गावगाडा पुन्हा उभा केला. वसुलीच्या कामावर हिंदू कारकून होते आणि देखरेखीला मुसलमान अंमलदार.

ही माहिती ज्याच्यामुळे इंग्रजी वाचणाऱ्यांपर्यंत गेली तो ग्रँट डफ १८१८ नंतर साताऱ्यात इंग्रजांचा अधिकारी होता. प्रतापसिंह महाराजांच्या काळात साताऱ्यात बसून त्याने जुने दप्तर चाळलं आणि १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला. अंबर यांना जाऊन तेव्हा दोनशे वर्षे झाली होती, तरी खेड्यापाड्यांत त्यांच्या कारभाराचं नाव निघत होतं, हे त्याने नोंदवलं. शहाजीराजांच्या पुणे जहागिरीतही महसूल याच धर्तीवर बसवला गेला, असं त्याने लिहिलं आहे.

खडकीचं पाणी, जहांगीरचा बाण

१६१० मध्ये अंबर यांनी खडकी नावाच्या लहान गावाजवळ नवं शहर वसवलं. तेच पुढे औरंगाबाद झालं आणि आता छत्रपती संभाजीनगर. शहर वसवायचं तर आधी पाणी हवं. उत्तरेच्या डोंगरातलं जमिनीखालचं पाणी त्यांनी भुयारी नहरीने शहरात आणलं. ना मोट, ना रहाट. नुसत्या उतारावर पाणी वाहत यायचं आणि सफाईसाठी जागोजाग तोंडं ठेवलेली. ही नहर-ए-अंबरी पुढे कित्येक पिढ्यांनी वापरली. शहराचं नाव तीनदा बदललं, पाणी मात्र अंबरींचंच प्यायले सगळे. भडकल दरवाजा आणि काली मशीद याही त्यांच्याच काळच्या.

दिल्लीच्या तख्तावर तेव्हा जहांगीर होता. अंबर यांनी त्याला इतकं बेजार केलं, की आपल्या आठवणींत तो त्यांचं नाव धड घेत नाही. रंगावरून, नशिबावरून शिव्या घालतो. १६१६ च्या सुमारास त्याने अबुल हसन या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं. भाल्याच्या टोकावर अंबर यांचं कापलेलं शीर आणि बादशहा त्यावर बाण सोडतोय. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. खरी गंमत अशी, की जहांगीर आणि अंबर यांची लढाईत कधी गाठच पडली नाही. जे रणात जमलं नाही ते बादशहाने कागदावर करून घेतलं.

असं नाही की अंबर कधी हरलेच नाहीत. १६१६ मध्ये रोषणगावच्या लढाईत त्यांचा मोठा पराभव झाला. त्याआधी त्यांचे काही मराठा सरदार मोगलांना मिळाले होते. मोगलांनी खडकी उद्ध्वस्त केली. १६१७ आणि १६२१ मध्ये शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, दख्खनमध्ये आला तेव्हा अंबर यांना मुलूख सोडून तह करावे लागले. पण प्रत्येक वेळी मोगल फौज माघारी वळली, की अंबर यांनी गेलेलं परत मिळवायला सुरुवात केली.

१६२४ मध्ये मोगल आणि आदिलशाही दोघे एकत्र येऊन चालून आले. अहमदनगरजवळ (आजचे अहिल्यानगर) भातवडीला गाठ पडली. अंबर यांचं वय तेव्हा पंचाहत्तरीच्या आसपास. त्यांनी भातवडीच्या तलावाचं पाणी सोडून शत्रूच्या छावणीत चिखल करून टाकला, रसद तोडली, रात्री-अपरात्री छापे घातले आणि मग घाव घातला. दोन सल्तनतींची फौज उधळली गेली. शहाजीराजे या लढाईत होते आणि त्यांचे बंधू शरीफजी इथेच कामी आले. शिवाजी महाराजांच्या काळात परमानंद कवीने लिहिलेल्या शिवभारत या संस्कृत काव्यात या लढाईचं वर्णन आहे आणि त्यात अंबर यांचा उल्लेख आदराने केलेला आहे.

दोन वर्षांनी, सुमारे ७८ वर्षांचं आयुष्य जगून, अंबर गेले. मोगल दरबारच्या मोतमिदखानाने बादशहाच्या कारकिर्दीचा इतिहास लिहिताना शत्रूच्या या वजिराची दिलखुलास तारीफ केली. गुलामीतून आलेला माणूस इतक्या उंचीवर पोहोचल्याचं दुसरं उदाहरण इतिहासात नाही, असा त्याचा सूर आहे. मुलगा फत्तेखान मात्र बापासारखा निघाला नाही. १६३३ मध्ये त्याने दौलताबाद मोगलांच्या हवाली केलं. शहाजीराजांनी आणखी काही वर्षे निजामशाही जगवायचा प्रयत्न केला, पण १६३६ मध्ये ती संपली.

ज्यांची गोष्ट कुणी लिहिली नाही

अंबर यांच्या आयुष्याचं हे सगळं आपल्याला कळतं ते दुसऱ्यांच्या लेखणीतून. डच व्यापारी, इंग्रज व्यापारी, फारसी तवारीख लिहिणारे मुन्शी, संस्कृत कवी. अंबर यांना लिहिता येत होतं, तरी मोख्याच्या बाजाराबद्दल त्यांचा स्वतःचा एक कागद आपल्या हाती नाही.

याच काळात दुसऱ्या समुद्रावर दुसरा बाजार तेजीत येत होता. १६१९ मध्ये, अंबर खडकीचा कारभार पाहत होते तेव्हा, अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर आफ्रिकेतली काही माणसं उतरवली गेली आणि तिथल्या इंग्रज वसाहतीत गुलामगिरीचं पहिलं पान लिहिलं गेलं. अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे अटलांटिक महासागरावरून चारेक शतकांत सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांत कोंबली गेली. त्यांतली सुमारे एक कोटी सात लाखच पलीकडे जिवंत उतरली. बाकीची वाटेतच संपली. तिथे गुलामाचं मूल जन्मानेच गुलाम, रंग हीच बेडी, आणि काम म्हणजे ऊस, तंबाखू, कापसाची शेतं. तिथे गुलामातून वजीर होणं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

पण त्या नरकातून काही माणसांनी लिहून ठेवलं. ओलाउदाह इक्वियानो यांनी १७८९ मध्ये आपली कहाणी छापली, फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ मध्ये. आणि आपल्या वाचकांना मुद्दाम सांगायला हवं असं नाव म्हणजे उमर इब्न सईद. पश्चिम आफ्रिकेतला हा शिकलेला मुसलमान १८०७ मध्ये पकडून अमेरिकेत नेला गेला. उरलेलं सगळं आयुष्य त्याने कॅरोलिनात गुलाम म्हणून काढलं. १८३१ मध्ये त्याने आपली जीवनकथा अरबीत लिहिली आणि तिची सुरुवात केली सूरह अल-मुल्कने, म्हणजे सारी सत्ता अल्लाहच्या हाती आहे असं सांगणाऱ्या सूरहने. मालकांच्या देशात, मालकांना न वाचता येणाऱ्या भाषेत. ते हस्तलिखित आज अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

उमर यांच्याकडे कागद होता, सत्ता नव्हती. अंबर यांच्याकडे सत्ता होती, आपल्या लहानपणाचा कागद नव्हता.

अभिमान कशाचा बाळगायचा?

अटलांटिकशी तुलना झाली, की आपल्याकडचे काही लोक लगेच म्हणतात, बघा, आपली गुलामगिरी किती दयाळू होती, गुलामसुद्धा वजीर झाले. हे बोलणं सोपं आहे, पण पुरतं खरं नाही. फरक होता, मोठा होता. दख्खनमध्ये मालक मेल्यावर हबशी शिपाई बहुधा मोकळा व्हायचा, सरदार व्हायचा, इथल्या घरांत लग्न करायचा. १६६० मध्ये मिरजेचा वेढा सोडून शिवाजी महाराज पन्हाळ्यावर गेले, तेव्हा पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर हबशी होता, आणि तो वेढा फोडायला आलेल्या महाराजांच्या फौजेतला सिद्दी हिलाल हाही हबशीच. दोन्ही बाजूंना ही माणसं सरदार म्हणून उभी होती.

तरी पण चंगेजखानाने घेतलेल्या त्या हजार माणसांपैकी आपल्याला नाव ठाऊक आहे ते एकाचं. बाकीचे कुठे मेले, कुणाच्या लढाईत, कुणाच्या वाड्यात पाणी भरत? बायकांचं तर विचारूच नका. आणि स्वतः अंबर यांच्या फौजेतले हबशी बहुतेक त्याच वाटेने, त्याच बाजारातून आलेले. ज्याने बेडी सोसली त्याने बेड्यांचा बाजार बंद केला नाही. हेही त्यांच्या चरित्रात लिहायला हवं.

इस्लामने गुलाम आझाद करणं हे सवाबाचं काम ठरवलं. जकातीच्या आठ हिश्शांत गुलामांच्या सुटकेचा हिस्सा ठेवला, कित्येक गुन्ह्यांचा कफ्फारा म्हणून गुलाम सोडायला सांगितलं. मक्क्यात छळ सोसलेल्या हजरत बिलाल यांना हजरत अबू बक्र यांनी विकत घेऊन मोकळं केलं आणि तेच हबशी बिलाल इस्लामचे पहिले मुअज्जिन झाले. ही शिकवण होती. आणि हे सगळं ठाऊक असूनही मोखा, बगदाद, चौल इथले बाजार मुसलमान व्यापाऱ्यांनी, मुसलमान सुलतानांनी शतकानुशतकं चालू ठेवले. शिकवण मोठी होती, माणसं तिच्याइतकी मोठी झाली नाहीत. हे कबूल करण्यात दीनचा अपमान नाही. हे लपवण्यात आहे.

गुलाम हा शब्द पुढे आपल्या जिल्ह्याशी आणखी एका वाटेने जोडला गेला. जोतीराव फुले यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, आणि सावित्रीबाईंचं माहेर खंडाळा तालुक्यातलं नायगाव. दोन्ही गावं सातारा जिल्ह्यातली. जोतीरावांनी १८७३ मध्ये गुलामगिरी हे पुस्तक लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या भल्या माणसांना, ज्यांनी काळ्या लोकांच्या सुटकेसाठी झीज सोसली. अटलांटिकपलीकडच्या बेड्या आणि इथल्या शूद्र-अतिशूद्रांच्या बेड्या एकाच जातीच्या आहेत, हे ओळखणारा हा माणूस. सातारा-सांगलीत सत्यशोधक विचार रुजला तो याच ओळखीतून.

म्हणून मलिक अंबर यांचा अभिमान बाळगायचा तर तो एवढ्यासाठी नको, की आपलाही एक वजीर होता. अभिमान याचा, की ज्याची किंमत वीस डुकाट ठरवली गेली त्याने रयतेवरचा इजारा काढला, तहानलेल्या गावात पाणी आणलं आणि जातधर्म न बघता कामाची माणसं जवळ केली. आणि त्या अभिमानासोबत एक हिशेबही ठेवायचा. आजही गहाण पडलेली मजुरी आहे. उचल फिटत नाही म्हणून मुकादमाच्या मागे हंगामामागून हंगाम जाणारी ऊसतोड कुटुंबं आपल्या कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात दर हिवाळ्यात खोप्या टाकतात. त्यांची पोरं फडातच मोठी होतात. त्यांना कुणी गुलाम म्हणत नाही, आणि त्यांची कहाणीही कुणी लिहीत नाही.

पुढच्या वेळी खुलताबादला गेलात, तर त्या घुमटापाशी दोन मिनिटं थांबा. अंबर यांच्यासाठी दुआ करा, आणि त्या बाकीच्या नऊशे नव्याण्णवांसाठीही.